माळ्यावरून चेहरे दिसत नाहीत

माळ्यावर चढलं की सगळ्यात आधी माणसांचे चेहरे जातात. उरतो तो भांग, पदराचा काठ, डोक्यावरच्या टोपलीचं तोंड, पागोट्याचा गोल. माणूस बुटका होतो, हातपाय अंगाखाली गडप होतात, आणि तो चालतो आहे हे त्याच्यापेक्षा त्याच्या सावलीवरून लवकर कळतं. अकराव्या वर्षी मी महिना-सव्वा महिना जवारीच्या माळ्यावर बसून पाखरं राखली आहेत, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

वर कोणी असेल आणि त्याला आपण दिसत असू, तर कसे दिसत असू, हा प्रश्न मला देवळात कधी पडला नाही. तिथे माझं अर्धं लक्ष चपलांकडे असतं. पण दसरा उलटला, ऊन पिवळं पडलं, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं की तो येतो. यंदा तो वर्गातच आला. मी चिखलीच्या शाळेत भूमिती शिकवते. नववीच्या मुलींना वस्तू वरून कशी दिसते याच्या आकृत्या काढायला लावल्या होत्या. शंकू वरून पाहिला तर एक वर्तुळ आणि मध्ये टिंब. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, म्हणजे वरून पाहणाऱ्याले टोक हाय का खड्डा हाय, हेच समजत नाही?"

"नाही समजत," मी म्हटलं.

"मग वरून पाहून त्याचा काय फायदा?"

वर्ग हसला. मी तिला आकृती पुरी करायला सांगितली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला, भाजी निवडताना समोर बसला, आणि मग मी त्याला हाकलायचं सोडून दिलं.

आमचं गाव अमडापूरपासून पायी तासाभराचं. मी सांगते आहे तेव्हा नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावाच्या फाट्यापर्यंत खडीचा रस्ता आला होता आणि त्यावरून दुपारची एक यष्टी यायला लागली होती. शेतात तेव्हा जवारीच जवारी. ती जवारीही आताच्यासारखी बुटकी नव्हती. हात वर केलेला माणूस तिच्यात बुडायचा. दाणा भरायला लागला की शेताच्या मधोमध चार लाकडं रोवायची, दीड पुरुष उंचीवर फळ्या आणि तुराट्या बांधायच्या, की झाला माळा. वर एक गोफण, मातीच्या गोळ्यांचा ढीग आणि पाण्याचं मडकं. शिवाय आमच्या माळ्यावरून एक लांब दोरी निघायची, ती शेताच्या पूर्व कोपऱ्यातल्या बाभळीला जायची. बाभळीवर रॉकेलचा रिकामा डबा टांगलेला आणि आत लोखंडाचा तुकडा. दोरी ओढली की असा खडखडाट व्हायचा की पाखरांचा सबंध थवा एकदम उठायचा. बाभळीखाली विहीर होती. तिला कठडा नव्हता. तेव्हा विहिरींना कठडे असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता तिथे गुडघ्याएवढं सोयाबीन असतं. त्यात मूल हरवत नाही. पाखरूही येत नाही.

उंच जवारीची एक गंमत होती. आत शिरलेला माणूस वरून दिसायचा नाही, दिसायची त्याची वाट. तो जाईल तिथली कणसं हलायची. बाईमाणूस असेल तर हळू, गडीमाणूस असेल तर धसमुसळी, कुत्रं असेल तर नागमोडी आणि झपाट्यानं. आतल्याला मात्र समोर पानं, मागे पानं, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. आपण सरळ चाललो आहोत असं त्याला वाटायचं आणि वरून मला दिसायचं की हा गोल फिरून परत तिथेच येतो आहे. पहिले काही दिवस मला या गोष्टीचं फार हसू यायचं. नंतर सवय झाली.

आणखी एक गोष्ट कळली. खालची माणसं उगाच वर पाहत नाहीत. वर पाहणारा माणूस म्हणजे काहीतरी मागणारा माणूस. "सुमे, पाणी टाक व." "सुमे, आमची म्हैस कोण्या शेतात शिरली पाह्य." "सुमे, यष्टी दिसते का?" मागणं संपलं की मान खाली. मला त्याचा राग येत नव्हता. उलट आपल्यावाचून या शिवाराचं अडतं असं वाटून मी ताठ बसायची.

माळ्याच्या खांबावरून मुंग्यांची एक रांग चढायची. दुपारी पाखरं नसली की मी रांगेत बोट आडवं ठेवायची. मुंगी थांबायची, मिशा हलवायची, बोटाला वळसा घालून पुढे जायची. तिला बोट कळायचं. बोटामागे मी आहे हे तिला कळत नव्हतं, आणि तिला कळावं असं काही मी करू शकत नव्हते. मी जे काही केलं असतं ते तिच्यासाठी आणखी एक बोटच झालं असतं.

शकू तेव्हा तीन वर्षांची. माझी धाकटी बहीण. माय आणि काकू बाजूच्या पट्ट्यात कपाशी वेचायच्या आणि शकू माळ्याखालच्या सावलीत गोधडीवर असायची. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची लांब पट्टी बांधून दुसरं टोक माय खांबाला बांधायची. तेव्हा शेतात जाणाऱ्या सगळ्याच बाया असं करायच्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वासराला दाव्याएवढं रान मिळायचं तेवढंच लेकराला मिळायचं. माय जाताना रोज सांगायची, "सुमे, तिची गाठ सोडजो नोको. कितीही रडली तरी."

मी रोज म्हणायची, "हाव."

त्या दिवशी शकू रडली नाही. रडली असती तर मी सोडलं नसतं. रडण्याला मी बधत नव्हते, आजही बधत नाही. ती नुसती मान वर करून उभी राहिली. तिला काही मागताही येत नव्हतं, ती बोलायला उशिरा लागली. पट्टी पार ताणून, बोट तोंडात घालून, ती फक्त माझ्याकडे पाहत राहिली. माळ्याच्या फळ्यांच्या फटीतून तिचा सबंध चेहरा दिसत होता. त्या महिन्यात काही न मागता वर पाहिलेला, पुरता दिसलेला तो एकच चेहरा. मी खाली उतरले. कमरेवर पट्टीचा लाल वळ उठला होता. मी गाठ सोडली, तिला खेळायला चार गोळे दिले, खांबाची गाठही सोडली आणि पट्टीची नीट चौकोनी घडी घालून गोधडीच्या कोपऱ्यावर ठेवली. वस्तू जागच्या जागी ठेवायची माझी खोड तेव्हापासूनची. "इथंच बस," असं सांगून वर चढले.

पाखरं उतरायची वेळ होत आली होती. तेवढ्यात काकूनं कपाशीतून मान वर केली. "सुमे, यष्टी दिसते का व? माहा भाऊ येऊन राह्यला आज." दिवाळीला तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ यायचा होता. सकाळपासून तिनं मला हे चार वेळा विचारलं होतं.

मी पश्चिमेकडे तोंड केलं. रस्त्यावर धुळीचा लोट होता. "दिसली. फाट्यापाशी आली."

"कोण उतरलं?"

"पांढरं पागोटं उतरलं."

"पांढरं पागोटं तं साऱ्यायचंच असते व. भाऊच हाय का पाह्य नं."

"चेहरा नाही दिसत, काकू."

माय वाकल्या वाकल्या म्हणाली, "पोरगी काय देव लागून गेली, तेथून चेहरा सांगायले? वेच तू. भाऊ पळून नाही जात तुहा."

तिघीही हसलो. मी त्या पागोट्यामागे बराच वेळ नजर लावून बसले. ते आमच्या वाटेला वळतं की सरळ जातं हे काकूला सांगायचं होतं. ते सरळ गेलं. आणि मग मला जाणवलं की खालून कसलाच आवाज येत नाही.

फटीतून पाहिलं तर गोधडी रिकामी.

माळ्यावरून मैलभराची धूळ दिसते, पण फटीला डोळा लावल्याशिवाय माळ्याच्या खालचं दिसत नाही. आड आपलंच आसन येतं. एकीनं मागितलं म्हणून मी तिकडे पाहत होते, आणि जिनं काही मागितलं नाही ती माझ्या पायाखालून निघून गेली.

मी ओरडले. माय हातातला कापूस तसाच ओटीत घेऊन पळत आली आणि जवारीत शिरली. काकू दुसरीकडून शिरली. शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापणारे म्हातारे गणुबा विळा टाकून तिसरीकडून शिरले. तिघंही हाका मारत होते. "शके. शकू व. कोठी गेली माय." हाका तिन्ही बाजूंनी. त्या जवारीत हाकेची दिशा कळत नाही. लेकरू एका हाकेकडे चार पावलं जाणार, दुसरीकडे चार.

आणि मी वर उभी. सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. शेतभर कणसं हलत होती. चार वाटा होत्या, एकमेकींना कापणाऱ्या, मागे वळणाऱ्या. यातली मायची कोणती, गणुबांची कोणती, शकूची कोणती? तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सबंध शेतच हललं. विहीर पूर्वेला होती. शकू कुठे होती ते मला माहीत नव्हतं.

मला जे सुचलं ते कसं सुचलं हे सांगता येत नाही. मी ओरडले, "थांबा. सगळे जागीच थांबा. कोणी हालू नका."

गणुबा थांबले. काकू थांबली. मायची वाट थांबेना.

"माय, थांब नं व."

आतून तिचा आवाज आला. "काऊन थांबू? माही पोर हाय ते."

"तू हालली तं मले ती दिसत नाही. उभी राह्य."

लेकरू हरवलेल्या बाईला उभं राहा म्हणणं काय असतं, हे मला पुढे स्वतःची दोन मुलं झाल्यावर कळलं. तेव्हा फक्त दिसलं. मायची वाट थांबली. पण तिथली कणसं थरथरत राहिली. ती चालत नव्हती. एका जवारीच्या धाटाला धरून ती जागच्या जागी कापत होती, आणि ते वरून दिसत होतं.

वारा गेला. शेत निश्चल झालं. आणि मग पूर्वेला, विहिरीपासून दहा-बारा ओळींवर, एकेक कणीस हललं. अगदी हळू. पाखरू बसल्यासारखं. एक, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. सरळ बाभळीकडे.

माय तिच्यापासून अर्ध्या शेताएवढी लांब होती. मी हाक मारली तर शकूला वाटलं असतं बोलावते आहे, पण कुठून ते कळलं नसतं. त्या डब्याला मात्र ती फार भ्यायची. तो वाजला की गोधडीत तोंड खुपसायची, म्हणून ती जागी असताना मी तो फारसा वाजवत नसे. मी दोरी धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढली. ओढत राहिले. डबा बाभळीवर वेड्यासारखा आपटत होता. पाखरं उठली. ते एक कणीस थांबलं. मग मागचं हललं, मग त्याच्या मागचं, घाईघाईनं, आणि जवारीतून शकूच्या रडण्याचा मोठा सूर निघाला.

"माय, आता जाय. रडणं आयक अन् तिकडे जाय."

माय तिला घेऊन बाहेर आली तेव्हा दोघींच्या अंगावर पानांचे ओरखडे होते. शकूनं मायच्या मानेत तोंड घातलं होतं. ती बाभळीकडे बोट दाखवून "बुवा, बुवा" म्हणत होती. माय तशीच विहिरीवर गेली. तिथे शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. विहिरीतल्या या सात जणी लेकरांवर नजर ठेवतात, चांगली आणि वाईटही, असं आमच्याकडे मानतात. मायनं ओटीतला कापूस त्यांच्यापुढे ठेवला आणि शकूचं डोकं दगडांना टेकवलं.

"आसराईनं फिरवली माही पोर," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "दोरी म्या ओढली, माय."

"अन् दोरी ओढायचं तुह्या मनात कोण घातलं?"

या एका गोष्टीवरून मी काही सिद्ध करत नाही. पुढच्याच वर्षी पलीकडच्या गावात एक मूल विहिरीत गेलं. तिथेही आसरा होत्या, माळाही होता. वर कोणी असलंच तर त्याच्याही आसनाखालचं त्याला दिसत नसेल, किंवा नेमकं तेव्हा कोणीतरी यष्टी विचारली असेल. त्याला दोष द्यायचा माझा अधिकार मी त्या दुपारीच घालवून बसले.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोरगी सुटली कशी? माय म्हणाली, "माहीच गाठ ढिली बसली. सकाळी घाईत होती मी." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. तोंड उघडलं नाही. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला बोल लावला, आत्या दिवाळीला आली तिनंही लावला, "लेकराची गाठ ढिली मारते का कोणी?" माय ऐकून घ्यायची. पुढे कित्येक वर्षं शकूचा विषय निघाला की ती हेच वाक्य म्हणायची. माही गाठ ढिली होती. मी शिकले, नोकरीला लागले, वर्गात उभी राहून मुलींना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. माय जाऊन आता नऊ वर्षं झाली. बोलायचं राहिलं ते राहिलं.

यंदा भाऊबीजेला आम्ही दोघी बहिणी गावी गेलो. धाकट्या भावानं घरच्या भाकरीपुरती आणि गुरांच्या कडब्यापुरती विहिरीशेजारी थोडी जवारी लावली आहे, जुनी, उंच. सगळ्या शिवारात तेवढीच, त्यामुळे सगळ्या शिवाराची पाखरं तिच्यावर. भाऊ म्हणाला, "बाई, बसा थोडा वेळ राखणीले, जुन्या जाणत्या तुम्ही." बाभूळ केव्हाच गेली. विहिरीला कठडा आहे, शेजारी मोटारीची खोली. तिच्या स्लॅबवर आम्ही दोघी ओवाळण्याच्या साड्या सावरत चढलो. शकू आता पन्नाशीकडे आलेली, दोन सुनांची सासू. भावानं पाखरांसाठी पत्र्याचे तुकडे टांगले होते. वारा आला, ते वाजले, आणि तिचे खांदे वर गेले.

"अजून भेव वाटते?" मी विचारलं.

"हाव नं. लहानपणचं मले दुसरं काहीच आठवत नाही. आठवते तं एवढंच, चहूकडे जवारी अन् कोणतरी मले भेव दावून राह्यलं."

तिला वाचवणारा आवाज तिच्या लेखी आयुष्यभराची भीती होऊन बसला आहे. मी विहिरीकडे पाहिलं, आणि मग सरळ सांगून टाकलं. वळ, गाठ, यष्टी, सगळं. "मायची गाठ ढिली नव्हती. म्या सोडली होती."

शकूनं हुरड्याचं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "मायले माहीत होतं, बाई."

"काय माहीत होतं?"

"माय म्हणे मले एकदा. पट्टी चौकोनी घडी करून ठेवली होती म्हणे गोधडीवर. ढिल्या गाठीनं सुटलेल्या पट्टीची घडी कोण घालते? घरात अशी घडी घालणारी एकच."

मी दाण्यांची मूठ मिटली.

"म्या इचारलं, मंग सांगतलं काऊन नाही कोणाले? तं म्हणे, पोरगी माळ्यावरून उतरली तं हातायची सालपटं निघाली होती दोरीनं. तिले अजून काय इचारायचं होतं? अन् सुमीले सांगजो नोको म्हणे, मले समजलं म्हणून. नाही तं ते मान वर करून नाही पाहायची माह्याकडे."

दाणे हातात तसेच होते. मी ते खाल्ले. कोवळे, गोड होते. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की त्या चुलीपाशी मी वरून पाहत होते, मायला न दिसणारं मला दिसत होतं. प्रत्यक्षात रांगेतली मुंगी मी होते. आणि मायनं बोटसुद्धा आडवं घातलं नव्हतं.

"अजून कणसं आणते," म्हणून शकू उतरली आणि जवारीत शिरली. तिची जरीची साडी दोन पावलांत दिसेनाशी झाली. मी स्लॅबच्या कडेला उभी राहिले. कणसं हलत होती, सावकाश, वय झालेल्या बाईची वाट. मधे थांबली, थोडी डावीकडे गेली, परत वळली. विहिरीला कठडा आहे हे मला माहीत होतं. तरी मी नजर काढली नाही. हाकही मारली नाही.

पलीकडच्या धुऱ्यावर ती बाहेर निघाली. पदरात कणसं होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला काही नको होतं.